सरपंचपदाचा लिलाव गावाच्या भल्यासाठी झाला, तर त्यात चूक काय?

शिवारवाट

नमस्कार. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका गावापुरता नाही. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधी, अर्ज भरायला चार दिवस उरले असताना, आमच्याकडे मारुतीच्या पारावर बैठक बसली. 'निवडणूक झाली की भावकीत वैर येते, त्यापेक्षा जो देवळाच्या सभामंडपासाठी जास्त देईल त्याला सरपंच करू आणि बाकी कोणी अर्ज भरायचा नाही,' असे ठरले. बोली पाच लाखांपासून सुरू झाली आणि तासाभरात एकतीस लाखांवर थांबली. एक वयस्कर गृहस्थ वहीत आकडे लिहीत होते आणि दर बोलीला टाळ्या पडत होत्या.

माझ्या शेजारी एक तरुण बसला होता. गावाच्या नळयोजनेचा एकेक व्हॉल्व्ह त्याला पाठ आहे. उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्यांची नोंद तोच ठेवतो. अर्जाची सगळी कागदपत्रे त्याने जमवली होती, जातपडताळणीच्या अर्जाची पावतीही सोबत होती. बोली दहा लाखांच्या पुढे गेली तेव्हा त्याने ती पावती घडी घालून खिशात ठेवली आणि तो उठून गेला. मी त्या रात्री गप्प बसलो, याची बोच मला आजही आहे.

आता पुढची निवडणूक जवळ आली आहे आणि पुन्हा बोलीची भाषा सुरू झाली आहे. मी विरोध केला की वडीलधारी मंडळी विचारतात, "पैसा वाटून लोकांनी दारू-मटणात उडवण्यापेक्षा देवळाला लागला तर बिघडले कुठे?" हे चूक आहे असे मला मनापासून वाटते, पण त्यांना पटेल असे उत्तर मला देता येत नाही. इथल्या अनुभवी मंडळींनी मदत करावी.

रानमळा

मी तुमच्या वडीलधाऱ्यांच्या बाजूचा आहे, तेव्हा आधीच माफी मागतो. आमच्या गावात तीन निवडणुका रीतसर मतदानाने झाल्या. प्रत्येक वेळी शेवटच्या दोन रात्री घरोघर पाकिटे फिरली, दोन कुटुंबांत डोकी फुटली आणि एक खटला अजून तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. एवढे होऊनही निवडून आला तो ज्याने जास्त वाटले तोच. पैसाच ठरवणार असेल, तर तो उघड्यावर यावा आणि गावाच्या कामी लागावा, यात मला अधर्म दिसत नाही.

कोर्टपायरी

रानमळा यांची व्यथा खरी आहे, पण कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे (ता. देवळा) आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांतली लिलावाची प्रकरणे राज्य निवडणूक आयोगापर्यंत गेली. उमराण्याची बोली मंदिराच्या बांधकामासाठी होती आणि ती दोन कोटींच्या पुढे गेली होती. आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. पैसा मंदिरासाठी होता म्हणून आयोगाने तो वेगळा मानला नाही.

याचे कारण भारतीय दंड संहितेच्या जुन्या १७१-अ कलमात आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच व्याख्या १६९ व्या कलमात आली आहे. 'निवडणूक हक्क' म्हणजे फक्त मत देण्याचा हक्क, असे आपण समजतो. कायद्याने उमेदवार म्हणून उभे राहण्याचा, उभे न राहण्याचा आणि अर्ज मागे घेण्याचा हक्कही त्यात धरला आहे. म्हणून कोणी उभे राहू नये यासाठी लाभ देणे ही मतासाठी पैसे देण्याइतकीच लाच ठरते. शिवारवाट, तुमच्या शेजारच्या तरुणाने जी पावती खिशात घातली, तोच त्याचा निवडणूक हक्क होता.

रानमळा

कलम समजले, आभारी आहे. पण त्या तरुणाला कोणी एक रुपयाही दिला नाही आणि धमकीही दिली नाही. मग त्याला लाच दिली असे कसे म्हणायचे? शिवाय बिनविरोध होणाऱ्या गावांना विकासनिधी देऊ अशा घोषणा काही आमदारांनी जाहीरपणे केल्या होत्या. त्या चालतात आणि गावाने स्वतः केलेले चालत नाही, हे कसे?

कोर्टपायरी

लाच प्रत्यक्ष त्याच माणसाच्या हातात पडली पाहिजे अशी अट नाही. एकाला लाभ देऊन दुसऱ्याला हक्क सोडायला लावणे हेही त्यात बसू शकते. आमदारांच्या घोषणांबद्दल मात्र तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. तो निधी जनतेचा आहे, आणि निवडणूक टाळल्याबद्दल बक्षीस म्हणून तो वाटणे मला अनुचित वाटते.

मापपुस्तिका

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. कायदा कोर्टपायरी यांनी सांगितलाच आहे, मी पैसा परत कसा येतो ते सांगतो.

गावात सरकारी पैसा येतो किती ते आधी पाहावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीला देण्याचे ठरले आणि जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्या वाट्याला प्रत्येकी १० टक्के आले. त्याखेरीज आमदार निधी, दलित वस्तीची कामे, जनसुविधा आणि पाणीयोजना आहेतच. नुसत्या सरपंचाच्या मानधनातून एकतीस लाख परत मिळवायला कित्येक वर्षे लागतील, त्यामुळे बोली लावणाऱ्याची नजर मानधनावर नसतेच. ती या कामांवर असते.

ठराविक रकमेवरच्या कामाची निविदा ऑनलाइन काढावी लागते, त्या मर्यादेखाली काम बसावे म्हणून त्याचे तुकडे पाडतात. एकच रस्ता 'चावडी ते शाळा' आणि 'शाळा ते पाटील वस्ती' अशा दोन नावांनी येतो आणि दोन्ही कामे घरच्याच माणसाला मिळतात. मी एकदा एका गावात गटाराचे माप घ्यायला गेलो होतो. अंदाजपत्रकात तळाला चार इंच काँक्रीट होते. एका कडेला पहारीने फोडून पाहिले, तर दोन बोटांखाली माती लागली. ठेकेदार सरपंचाचा मेहुणा होता. मी मोजमाप पुस्तिकेत खरे माप लिहिले, तेव्हा सरपंच मला बाजूला घेऊन अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, मी देवळाला दिलेत. ते आता कुठून काढू?"

त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. आपण गावाला उधार दिले आहे आणि ते वसूल करण्याचा आपला हक्क आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. रानमळा, देवळाला लागलेला पैसा तुम्हाला दिसतो, पण तो गटाराच्या तळातून परत जातो तेव्हा कोणालाच दिसत नाही.

नदीपात्र

मापपुस्तिका यांचा हा एक प्रतिसाद छापून प्रत्येक चावडीवर लावावा असा आहे.

कारभारीण

पारावरच्या बैठकीत बायका कुठे होत्या, हे अजून कोणी विचारलेले नाही, म्हणून मी लिहिते. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. अशाच एका आरक्षित पदावर मी पाच वर्षे सरपंच होते आणि ते पद बोलीने मिळालेले होते. बोली माझ्या नावाने माझ्या दिरांनी लावली. मी घरी पोळ्या लाटत होते. सासूबाईंनी बाहेरून येऊन माझ्या तोंडात पेढा घातला, तेव्हा मला कळले की मी सरपंच झाले.

पहिल्या वर्षी अंगणवाडीच्या दुरुस्तीचे बिल आले. मी स्वतः जाऊन पाहिले होते, पत्रे जुनेच होते, फक्त रंग दिला होता. मी धनादेशावर सही करणार नाही असे सांगितले. त्या रात्री जेवताना मला ऐकवण्यात आले, "तुझ्या खुर्चीचे पैसे आम्ही भरलेत." यापुढे माझ्याकडे बोलायला काही उरले नाही. निवडून आले असते तर गावाने मला निवडले आहे असे सांगता आले असते. विकत घेतलेल्या खुर्चीवर बसलेल्या बाईला आधार म्हणून दाखवायला एक मतही नसते.

शिवारवाट दादा, तुमच्या वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा.

शिवारवाट

ताई, सांगेन. हे वाचून बराच वेळ काही लिहवले नाही.

जुने कागद

मला हा प्रश्न गावाच्या वेशीबाहेर न्यावासा वाटतो, कारण 'चांगल्या कामासाठी दिलेला पैसा' हा युक्तिवाद फार जुना आहे आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयातही झाला होता. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यासमोर आले. त्या वेळच्या कायद्यात मनाई नसल्यामुळे त्यांनी बदलाला परवानगी दिली, पण कंपन्यांचा पैसा निवडणुकीत आला तर तो वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळेल असा इशारा निकालात लिहून ठेवला आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले.

पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली. चेक बंद झाला, पण पैसा थांबला नाही, तो रोखीने आणि अंधारातून येऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठली. त्यानंतर देणगीला नफ्याच्या प्रमाणात मर्यादा होती आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात ती मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के इतकी होती. २०१७ च्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि त्याच वेळी निवडणूक रोख्यांची, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव उघड न करता पक्षाला द्यायच्या देणगीपत्रांची, वाट मोकळी केली. तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकेल आणि कोणाला दिली हे सांगण्याचे बंधन तिच्यावर नसेल, अशी स्थिती आली.

रानमळा

रोख्यांवर सगळे तुटून पडतात, पण त्यांत पैसा निदान बँकेतून जात होता. पोत्यांतून येणाऱ्या नोटांपेक्षा ते बरे नव्हते का? देणगीदाराचे नाव फुटले तर दुसरा पक्ष सत्तेवर आल्यावर त्याचा सूड घेईल, ही भीतीही खोटी नाही.

जुने कागद

भीती खोटी नाही, आणि सरकारनेही न्यायालयात हाच मुद्दा मांडला होता. पण नाव नेमके कोणापासून लपले ते पाहावे. रोखे फक्त भारतीय स्टेट बँक विकत होती आणि खरेदीदाराची नोंद तिच्याकडे होती. बँक सरकारी आहे, त्यामुळे सत्तेत असणाऱ्याला नाव कळण्याची वाट बंद नव्हती. अंधारात राहिला तो मतदार. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणणे मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उलटेपर्यंत, मुदत मागितली होती. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी तपशील आयोगाकडे गेला.

एप्रिल २०१९ पासूनच्या त्या यादीत सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली एक कंपनी होती आणि तिने सुमारे १,३६८ कोटींचे रोखे घेतले होते. भारतीय जनता पक्षाला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी मिळाले. ज्याच्या हातात केंद्राची किंवा राज्याची सत्ता होती त्याच्याकडे ओघ जास्त होता, एवढे मला त्या यादीत स्पष्ट दिसते. शिवारवाट यांच्या पारावर निदान कोणी किती दिले हे सगळ्या गावाला माहीत होते. रोख्यांत मतदाराला तेवढेही कळत नव्हते.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो. इथे उमेदवाराला २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचे नाव, गाव आणि नोकरीचे ठिकाण कोणालाही संगणकावर पाहता येते. आमच्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या लोकांची नावेही मी त्या यादीत पाहिली आहेत. पण २०१० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारापासून स्वतंत्रपणे होणाऱ्या प्रचारावर कंपन्यांनी किती खर्च करावा याची मर्यादा काढून टाकली आणि त्यानंतर पैशाचा पूर आला. नाव उघड असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने पैशाचे वजन कमी होत नाही, हे मी रोज पाहतो.

हिशेबनीस

मी सनदी लेखापाल आहे आणि विधानसभेच्या दोन उमेदवारांचे खर्चाचे हिशेब मी लिहिले आहेत. आपल्याकडे मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख अशी खर्चाची मर्यादा २०२२ पासून आहे. निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते. जिल्हा निवडणूक कार्यालय चहापासून मंडपापर्यंत प्रत्येक वस्तूचे दरपत्रक ठरवते. खर्च निरीक्षकांचे पथक आपली स्वतंत्र छायानोंदवही ठेवते आणि उमेदवाराची वही तिच्याशी ताडून पाहते. एका सभेत खुर्च्या किती होत्या यावर मी अर्धा तास वाद घातलेला आहे.

एवढी काटेकोर व्यवस्था असताना भोक कुठे आहे? उमेदवाराला मर्यादा आहे आणि पक्षाला नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरावा. काही आठवड्यांतच सरकारने वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. पुढे कायद्यात बदल झाले, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने पक्षांच्या देशव्यापी खर्चालाही मर्यादा घातली. आपल्याकडे तेवढे तरी व्हावे असे मला फार वाटते. आणि शेवटच्या दोन रात्रींचा पैसा तर कोणाच्याच वहीत येत नाही.

मांडवीतीर

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे विधानसभेच्या ४० जागा आहेत आणि एकेका मतदारसंघात साधारण तीस हजारांच्या आसपास मतदार असतात. कितीतरी जागा हजाराच्या आतल्या फरकाने जातात. त्यामुळे घर आणि घर मोजता येते, कोण कोणाच्या उपकाराखाली आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. निवडून आल्यावरही मतदाराची खात्री नाही. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी आणि २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी एकगठ्ठा पक्ष बदलला. पक्षांतराच्या कायद्यात दोन तृतीयांश सदस्यांचे विलीनीकरण चालते, म्हणून ते सगळे पदावर राहिले. त्यामागे काय होते याचा आरोप मी करत नाही, पण आमच्या मतांचे मोल काय, हा प्रश्न त्या दिवशी बाजारात प्रत्येक जण विचारत होता.

जुना कार्यकर्ता

सगळीकडे काळोखच आहे असे वाचणाऱ्या तरुणांना वाटू नये. सांगोल्यातून गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ११ वेळा निवडून आले आणि एस. टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून राज्याने त्यांना ओळखले. राजू शेट्टी यांनी 'एक व्होट, एक नोट' म्हणत शेतकऱ्यांच्या वर्गणीवर निवडणूक लढवली आणि २००९ मध्ये ते हातकणंगल्यातून लोकसभेत गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण ज्या माणसाने उमेदवाराला दहा रुपये दिले, तो त्याच्याकडून पाचशे घेत नाही, हे मी प्रचारात स्वतः पाहिले आहे. एका ऊसतोड कामगाराने आमच्या डब्यात वीस रुपये टाकले आणि नंतर तो चार किलोमीटर चालत मतदानाला आला.

शिवारवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चर्चा दिल्लीपर्यंत आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आली, मला त्यातून पुष्कळ मिळाले. पण माझी अडचण पारावरची आहे. कलमे सांगितली तर म्हातारी मंडळी 'हा आता गावावर केस करणार' असे म्हणतील. सभामंडपाचा स्लॅब अर्धा राहिला आहे आणि त्यासाठी पैसा हवा आहे, हेही खरे आहे.

रानमळा

मी सुरुवातीला तुमच्या विरोधात लिहिले होते, म्हणून हे सुचवण्याची जबाबदारी माझी आहे. मंदिराची वर्गणी आणि निवडणूक यांची ताटातूट करा. निवडणूक होऊन गेल्यावर घरटी वर्गणी काढा. ज्याची ऐपत आहे तो लाख देईल, विधवा बाई शंभर देईल, आणि त्याबदल्यात कोणालाच काही मिळणार नाही. पद नसताना एकतीस लाख देणारा कोण निघतो ते तेव्हा गावालाच दिसेल. मापपुस्तिका यांनी सांगितलेला तो सरपंच माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या गावातही गटार तीन वर्षांत खचले आणि आम्ही सिमेंटला दोष देत बसलो.

भावकीतल्या वैराचे उत्तर मात्र मला अजून मिळालेले नाही.

मापपुस्तिका

रानमळा, तुमच्या मनाचा मोठेपणा आहे. त्यात एक भर घालतो. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च कामनिहाय पाहता येतो. मागच्या बोलीनंतरची सगळी कामे उतरवून काढा आणि ग्रामसभेत वाचा. आरोप करू नका, फक्त कामाचे नाव, रक्कम आणि ठेकेदार एवढेच वाचा. गावाला बेरीज येते.

कारभारीण

आणि महिला ग्रामसभा आधी घ्यायला लावा. ती नियमितपणे होत नसेल तर तशी लेखी मागणी करा. पारावर बायका बसणार नाहीत, पण तिथे बोलतील.

शिवारवाट

काल त्या तरुणाकडे गेलो होतो. रानमळा आणि मापपुस्तिका यांचे प्रतिसाद त्याला मोबाइलवर वाचायला दिले. त्याने पूर्ण वाचले, मग आत जाऊन टँकरच्या नोंदींची वही आणली आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर आम्ही दोघांनी कामांची यादी उतरवायला घेतली. रात्री साडेअकरापर्यंत सतरा कामे झाली. त्यांपैकी सहा कामे एकाच रस्त्याची आहेत. त्याच्या आईने पंधरा बायकांच्या सह्या महिला ग्रामसभेच्या मागणीपत्रावर घेतल्या आहेत आणि उद्या ते ग्रामपंचायतीत देऊन पोच घेणार आहोत. अर्ज भरणार का, असे मी त्याला अजून विचारलेले नाही. निघताना मात्र जातपडताळणीचे प्रमाणपत्र आल्याचे त्याने आपणहून सांगितले.